दिवा उभा की आडवा?

मेटल हॅलाइडचा दिवा लवकर गेला की आपण एक बोट कंपनीकडे दाखवतो, दुसरे वीजपुरवठ्याकडे. दिवा बसवला कसा होता, हे कोणी विचारत नाही. भिवंडी-मालेगावच्या आमच्या बांधवांच्या जुन्या शेडमध्ये असे दिवे अजूनही असतील, म्हणून हा विषय घेत आहोत.

या दिव्यात तार नसते. आत क्वार्ट्‌झची लहान नळी असते आणि तिच्यात पाऱ्याची वाफ व धातूंचे क्षार. नळी उभी असेल तर आर्क मधोमध सरळ राहतो. आडवी केली की गरम वायू वर चढतो, आर्क कमानीसारखा वाकून नळीची वरची बाजू भाजू लागतो. क्षार खाली साचतात. उजेड घटतो, रंग बदलतो आणि क्वार्ट्‌झ लवकर कमजोर होते. कोणत्याही दिशेने चालणाऱ्या ४०० वॅटच्या काही दिव्यांना उत्पादक उभ्या स्थितीत २०,००० तास, तर आडव्यात १५,००० तास आयुष्य देतात. रोज बारा तास धरले तर साडेचार वर्षांऐवजी साडेतीनच! शिवाय रंगाईवाल्यांनी ध्यानात ठेवावे, अशा दिव्याखाली जुळवलेली छटा दिवसाच्या उजेडात वेगळी निघू शकते.

काही दिवे एकाच दिशेसाठी बनवलेले असतात. 'बीयू' म्हणजे टोपी वर, 'बीडी' म्हणजे टोपी खाली, 'एचओआर' म्हणजे आडवा. ही अक्षरे खोक्यावर असतात, पण खोके वायरमन आधीच फेकून देतो. खरेदी करतानाच पाहून घ्यावे.

नुकसान फक्त पैशांचे नाही. आयुष्य संपत आले की ही नळी फुटू शकते आणि तापलेले तुकडे खाली पडतात. खाली सुताची रुई असेल तर काय होईल, हे यंत्रमागवाल्यांना सांगायला नको. म्हणून ज्या दिव्यावर बंद काचेची अट आहे तो उघड्या शेडमध्ये लावू नये, आणि तास भरले की दिवा चालू असला तरी बदलावा. याला आम्ही इस्राफ मानत नाही. रात्रंदिवस जळणारे दिवे आठवड्यातून एकदा निदान पंधरा मिनिटे बंद ठेवावेत, असे उत्पादक सांगतात, कारण मरायला टेकलेला दिवा पुन्हा पेटतच नाही आणि धोका टळतो. जुम्याच्या नमाजाला काम थांबते, तेव्हाच हे सहज होते. तापलेला दिवा लगेच पेटत नाही, हे कामगारांना सांगून ठेवावे.

लांब नळीचा हॅलोजन मात्र आडवाच हवा. तो तिरपा झाला तर हॅलोजन खालच्या टोकाला जाते व वरचे टोक काळे पडते. उच्च दाबाच्या सोडियम दिव्याला दिशेचा फारसा फरक पडत नाही.

एलईडी घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. टोपी वर करून बंद घुमटात लावला की उष्णता वर चढून टोपीजवळच्या सर्किटला तापवते. त्यातील कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. घुमट काढावा, किंवा बंद जागेसाठीचा दिवा मागून घ्यावा.