घराजवळील धोक्याचीं झाडें

सन २०२० च्या जूनच्या ३ तारखेस, मृग निघण्यापूर्वींच, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यास लागलें व कोंकणांत कित्येक घरांवर झाडें कोसळलीं. शहापूर-मुरबाडकडील शेतकरीबंधूंनीं यावरून मुदत ओळखावी.

बुंध्याशीं अळंबी उगवली, ठोकतां पोकळ आवाज आला, अगर मुळांजवळील माती उचललेली दिसली, तर घराकडे कललेलें झाड राखूं नये. मग तें वडिलांनीं लाविलेलें कां असेना. (अंगणांतला आंबा काढविला तेव्हां आम्हांसही दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं.) आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांस १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वयें परवानगी लागते, अर्ज माघांतच द्यावा. आम्ही कचेरींत असतां असे अर्ज पहिल्या पावसाबरोबर येत! तोडतांना प्रथम शेंड्याकडील फांद्या दोरानें उतरवाव्या, बुंधा शेवटीं. झाड निरोगी असल्यास छपरावरील फांदी तेवढी काढणें पुरे.