ई-टाइप आणि एफ-टाइप: दोन्ही चालवल्यावर

२००८ मध्ये टाटा मोटर्सनं जग्वार घेतली. त्यानंतर कामानिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीकडे आलेल्या पुणेकरांपैकी मी एक. माझ्याकडे जग्वारची एफ-टाइप कूपे आहे, व्ही-६ एस. शेजारच्या आजोबांकडे जग्वारचीच १९६३ ची ई-टाइप, ३.८ लिटरची, ते मोठ्या मनानं किल्ली हातात देतात. दोन्ही आलटून पालटून चालवताना उमगलेल्या या गोष्टी.

१. कागदावरच्या आकड्यांवरून रस्त्यावरची मजा कळत नाही. ई-टाइपची अश्वशक्ती २६५, माझ्या गाडीची ३८०. ताशी ६० मैल गाठायला तिला साधारण सात सेकंद लागतात, माझ्या गाडीला पाचही नाहीत. पण इथल्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर मर्यादाच ६० मैलांची. त्या वेगाला ई-टाइप पुरती रंगात आलेली असते. लाकडी स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा तळहाताला कळतो, समोर ते लांबलचक बॉनेट थरथरत असतं. एफ-टाइप तेव्हा अजून पेंगत असते आणि ती रंगात येईपर्यंत लायसन्स जायची वेळ येते. कायद्यात बसणाऱ्या वेगात जुनी गाडीच जास्त आनंद देते, हे माझं ठाम मत.

२. जुन्या गाडीपाशी घाई चालत नाही. थंडीत आधी चोक ओढायचा, तिन्ही एसयू कार्ब्युरेटर एका लयीत येईपर्यंत थांबायचं, ऑइल प्रेशर आणि तापमानाचे काटे बघायचे, मग निघायचं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका दाब, पुन्हा क्लच आणि मग गिअर. नीट जमलं की दांडा आवाज न करता आपसूक आत जातो. शेजारी बसलेले आजोबा नुसती मान डोलावतात, मला तेवढ्यानं दिवसभर बरं वाटतं. १९६४ च्या ४.२ लिटरच्या गाडीत हा खटाटोप संपला, पण आजोबांचा जीव जुन्या गिअरबॉक्सवरच. एफ-टाइपचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक हे सगळं पापणी लवायच्या आत करतो. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाही.

३. पाऊस असेल किंवा मुलगी सोबत असेल तर एफ-टाइपच. ई-टाइपला चारही डिस्क ब्रेक आहेत, ई-टाइप पहिल्यांदा आली त्या १९६१ च्या मानानं ती मोठीच गोष्ट. पण एबीएस नाही, एअरबॅग नाही. इथे भावनेला जागा नाही.

४. ई-टाइपचं अख्खं नाक मडगार्डांसकट पुढे कलंडतं आणि सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन सगळीकडून हाताला येतं. पाने, फीलर गेज आणि मोकळा रविवार असला की बरंच काम घरी होतं. एफ-टाइपचं बॉनेटही तसंच पुढे उघडतं, घराण्याची खूणच ती. आत मात्र प्लास्टिकची झाकणं, आणि बिघाड शोधायला आधी लॅपटॉप जोडायचा.

५. घ्यायची झाली तर ई-टाइपच्या रंगावर भाळू नका. इंजिन पेलणारा पुढचा सांगाडा चौकोनी पोलादी नळ्यांचा असतो आणि तो आतून गंजतो. गाडी जॅकवर चढवून टॉर्चनं तो सांगाडा, दाराखालचे सिल आणि तळाचा पत्रा बघा. एफ-टाइपचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं, तेव्हा आता मिळेल ती वापरलेलीच. तिची सर्व्हिसची कागदपत्रं मागा आणि कूलंटचे प्लास्टिक पाइप बदललेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.