यान वळवताना: काय करावे, काय टाळावे

अवकाशात रेटा द्यायला जमीन नाही, कापायला हवा नाही. तरी इंधनाचा थेंबही न जाळता यान वळते, ते त्याच्या पोटातल्या चाकामुळे. मोटर चाकाला एका दिशेने फिरवते, यान उलट दिशेने फिरते. दोघांचा मिळून कोनीय संवेग तेवढाच राहतो. लहान उपग्रह बांधायला घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही टिपणे.

काय करावे

- आधी जडत्व आघूर्ण काढा. चाकाचे आघूर्ण यानाच्या एक हजारांश असेल, तर यान ९० अंश वळायला चाकाचे २५० फेरे लागतात. वळण पूर्ण झाले की चाक मूळ वेगावर आणा, तरच यान थांबेल.

- संवेगाचा जमाखर्च सतत ठेवा. चाक संवेग साठवते, नाहीसा करत नाही. सूर्यप्रकाशाचा दाब यानाला सतत एकाच बाजूला वळवत राहिला, तर ते थोपवताना चाकाचा वेग वाढत जातो. वेगाची मर्यादा गाठली की त्या अक्षावरचा ताबा सुटला. पृथ्वीजवळ चुंबकीय कॉइल वापरून हा साठा उतरवता येतो. हबल दुर्बीण हेच करते. दूरच्या यानाला मात्र बहुधा थ्रस्टरच लागतात, म्हणून तेवढे इंधन आधीच राखून ठेवा.

- तीन अक्षांना तीन चाके पुरतात. तरी राखीव म्हणून चौथे तिरके बसवा. केप्लर दुर्बिणीचे एक चाक २०१२ मध्ये गेले, तरी काम चालले. २०१३ मध्ये दुसरे गेले आणि मूळ मोहीम थांबली.

काय टाळावे

- चाक शून्य वेगाजवळ रेंगाळू देऊ नका. दिशा बदलताना घर्षण उलटते आणि यान थरथरते.

- इतर फिरते भाग विसरू नका. व्हॉयेजर २ चा टेप रेकॉर्डर सुरू किंवा बंद झाला तरी यान किंचित वळे. १९८६ मध्ये युरेनसची छायाचित्रे पुसट येऊ नयेत म्हणून थ्रस्टरने ती हालचाल भरून काढावी लागली.

- एकाच अंदाजावर विसंबू नका. जपानची हितोमी दुर्बीण स्थिर होती, पण संगणकाने ती फिरते आहे असे धरले. ते न घडलेले फिरणे थांबवायला चाके धावली आणि यान खरोखरच फिरू लागले. चाकांत संवेग साठत गेला. शेवटी सेफ मोडने थ्रस्टर पेटवले. त्यांच्या नियंत्रणाची मूल्ये चुकीची भरलेली होती, त्यामुळे फिरणे आणखी वाढले. २६ मार्च २०१६ रोजी, प्रक्षेपणानंतर सहा आठवड्यांच्या आत, दुर्बिणीचे तुकडे झाले. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शिकण्याजोगी दुर्घटना हीच, कारण तीत चाके शेवटपर्यंत धडधाकट होती.

म्हणून सेफ मोडचे प्रत्येक मूल्य, अधिक-उण्याच्या चिन्हासकट, ज्याने ते भरलेले नाही अशा माणसाकडून तपासून घ्या. आणि ही तपासणी प्रक्षेपणानंतर मूल्य बदलले तरी पुन्हा करा.