गोड्या पाण्याची गाळणी आणि जंतूंची वस्ती

(बी. ए. द्वितीय वर्ष)

विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे, त्याला कारण आमच्या गावातील पाणी शुद्ध करण्याचे यंत्र होय.

2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्याने दुष्काळ सोसला, तेव्हा मी पहिलीत होतो. टँकर आला की आई हंडा घेऊन धावे. पुढे गावात खोल बोअर घेतली. पाणी लागले, पण मचूळ. त्यात डाळ शिजेना. मग यंत्र आले आणि गोडे पाणी मिळू लागले. दोन वर्षांत धार बारीक झाली, पाणी पुन्हा मचूळ लागू लागले आणि एके दिवशी खोलीला कुलूप पडले. यंत्र माझा चुलतभाऊ चालवीत असे. त्यानेच ते बिघडवले, असे गाव म्हणाले. हे कितपत खरे, याचा शोध घेताना जे समजले ते येथे मांडीत आहे.

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, हे आपण घरी पाहतो. साल पाण्याला आत येऊ देते, कारण आत साखर दाट असते. पातळाकडून दाटाकडे पाण्याच्या या जाण्याला परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूने पुरेसा दाब दिला तर ही क्रिया उलटते. क्षार मागे राहतात आणि पाणी पडद्यातून पलीकडे येते. असा उपयुक्त पडदा 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. 1965 मध्ये तेथील कोअलिंगा गावाला या पद्धतीने पाणी मिळू लागले. आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे 2002 मध्ये समुद्राचे पाणी याच रीतीने गोडे करण्यास सुरुवात केली. त्या विभागाची क्षमता दररोज 18 लाख लिटर आहे. समुद्र दूर असला तरी आपल्यालाही या विद्येची गरज आहे. शेजारच्या बुलढाण्यासह अकोला व अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूगर्भातले पाणीच खारे आहे.

आजचा पडदा बहुधा पॉलिअमाइडचा असतो. त्याचा क्षार अडविणारा थर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतका पातळ असतो. पडदा व जाळी एकावर एक ठेवून गुंडाळी करतात व ती नळकांड्यात बसवितात. या जाळीच्या अरुंद वाटांतच जंतू ठाण मांडतात. पाण्यातून आलेला जंतू पृष्ठभागाला चिकटतो, आपल्याभोवती चिकट द्रव्य स्रवतो आणि वाढू लागतो. अशा असंख्य जंतूंची ही बुळबुळीत वस्ती म्हणजे जीवाणूपटल. रांजणाच्या आतील बाजूस हाताला जी बुळबुळ लागते, ती याच जातीची.

या वस्तीमुळे तिहेरी नुकसान होते. वाट अडल्याने पंपाला अधिक जोर लावावा लागतो. गोड्या पाण्याची धार घटते. शिवाय बुळबुळीत अडकलेले क्षार पडद्यालगत दाटतात आणि त्यातले काही पलीकडे झिरपतात.

मग जंतू क्लोरीनने का मारू नयेत? कारण क्लोरीन पॉलिअमाइडचा पडदाच खाऊन टाकते. म्हणून पडद्याआधी कोळशाच्या टाकीतून पाणी नेऊन क्लोरीन काढून टाकतात. मात्र त्या कोळशातही जंतूंना आसरा मिळतो. शिवाय नुसते मारून भागत नाही. दहा लाखांपैकी शंभरास नव्याण्णव मेले तरी दहा हजार उरतात. ते सात वेळा दुप्पट झाले की बारा लाखांवर जातात. मेलेल्यांची शरीरे तशीच राहिली तर उरलेल्यांना ती अन्नच होतात. म्हणून थर धुऊन बाहेर काढणे हाच उपाय.

येथेच माझ्या भावाची चूक झाली. पडद्यावर दोन प्रकारचे थर बसतात. चुन्यासारखा क्षारांचा थर आम्लात विरघळतो. बुळबुळीसाठी मात्र कॉस्टिक सोड्यासारखे अल्कधर्मी द्रावण लागते. भावाला आम्लाने धुणे तेवढे दाखविले होते, म्हणून तो दर वेळी आम्लच वापरी. नंतर नळकांडे उघडले तेव्हा आत पांढरी खपली नव्हती. कुजक्या वासाचा तपकिरी गिलावा होता. शिवाय वीज नसली किंवा बोअर आटली की यंत्र आठ-आठ दिवस बंद राही. साचलेल्या पाण्यात जंतूंना मोकळे रान मिळे. बंद करताना गोड्या पाण्याने आतला भाग धुवावा आणि दीर्घकाळ बंद ठेवायचे तर सोडियम बायसल्फाइटचे द्रावण भरून ठेवावे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा यंत्र त्याच्या हातून बिघडले हे खरे. परंतु दोष एकट्या त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दाब किती आणि धार किती, याची रोज वहीत नोंद झाली असती तर धार पूर्वीच्या मानाने दहा टक्के घटताच धुण्याची वेळ आल्याचे कळले असते. त्याला लागणारी वही दहा रुपयांची. लाखांच्या यंत्राबरोबर ती कोणी दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही.

आमच्या घरी रांजण एक दिवसाआड रिकामा करून काथ्याने घासतात. आई शाळेत गेलेली नाही. पण पाणी साठले की बुळबुळ धरते, हे तिला ठाऊक आहे. हा लेख मी तिला वाचून दाखविला. ती म्हणाली, "मग त्या पोराला बोल कशाला लावला?" गावाने या प्रश्नाचे उत्तर अद्याप दिलेले नाही.