जुन्या वाहनाचा सौदा मोडल्यास इसाराचे काय?

हंगामाचा पैसा हाती आला म्हणजे पुष्कळ शेतकरी जुने यंत्र अथवा वाहन घेण्याचा बेत करतात. नवा ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा माल वाहण्याचा टेंपो सर्वांनाच परवडतो असे नाही. तेव्हा ओळखीतून किंवा जाहिरातीवरून कोणा गृहस्थाची वापरलेली वस्तू पसंत केली जाते आणि ती दुसऱ्यास जाऊ नये म्हणून इसाराची रक्कम देऊन सौदा पक्का केला जातो. इंजिन कसे तपासावे, टायर कसे पाहावे, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ठरलेला सौदा मोडण्याची वेळ आली तर दिलेली रक्कम कितपत परत मिळते, याचा विचार पैसे देऊन बसल्यावरच सुरू होतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे हा प्रश्न वारंवार येत असल्याने त्यातील कायद्याची बाजू त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

चाकण किंवा काष्टीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरविण्याची जुनी रीत आहे. तेथे शब्द सहसा पाळला जातो, कारण देणाऱ्याघेणाऱ्यांना पुढच्या बाजारीही एकमेकांचे तोंड पाहावयाचे असते. शहरातील अनोळखी गृहस्थाशी केलेल्या एकवेळच्या व्यवहारात ही सोय नसते. तेथे कागद हाच साक्षीदार होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, वसईकडील एका फूलबागायतदारास दादरच्या बाजारात फुले नेण्यासाठी टेंपो हवा आहे. खाडीच्या अलीकडे, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत राहणारा एक गृहस्थ आपला धंदा बंद करून टेंपो विकावयास काढतो. किंमत ३,००,००० रुपये ठरते. बागायतदार त्याच दिवशी २५,००० रुपये इसार म्हणून देतो आणि आठ दिवसांनी आणखी ५०,००० रुपये पाठवितो. उरलेल्या रकमेसाठी त्याने बँकेकडे कर्ज मागितलेले असते. ते नामंजूर होते. टेंपो घेणे आता शक्य नाही. विक्रेता म्हणतो, “सौदा तुम्ही मोडला, पैसे बुडाले.” बागायतदाराच्या दृष्टीने ७५,००० रुपये म्हणजे संबंध हंगामाची शिल्लक होय.

विक्रेत्याचे म्हणणे सर्वस्वी खरे नाही आणि सर्वस्वी खोटेही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या ७३ व ७४ या कलमांचा येथे संबंध येतो. करार मोडणाऱ्याने समोरच्याचे झालेले नुकसान भरून द्यावे, परंतु समोरच्याने त्या निमित्ताने नफा करू नये, असा त्यांचा आशय आहे. कागदावर मोठा दंड लिहून ठेवला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देवविते.

या बाबतीत शेतमालाचेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने १९४७ साली लष्करास बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचे दोन ठेके घेतले आणि १०,००० व ८,५०० रुपये अनामत ठेवली. पुरवठा नीट न झाल्याने सरकारने ठेके रद्द करून सर्व अनामत जप्त केली. १९६९ साली न्यायालयाने ती रक्कम परत देण्याचा निर्णय दिला. न पुरविलेला माल सरकारने बाजारात कोणत्या दराने घेतला, हे दाखविणे सहज शक्य होते. तरी तसा पुरावा दिला गेला नाही. नुकसान सिद्ध करता येत असेल तेथे ते सिद्धच केले पाहिजे, हा धडा या प्रकरणातून मिळतो. ठेकेदाराची चूक असूनही त्याची अनामत बुडाली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी उलट बाजूचा निकालही लागला. हनुमान कॉटन मिल्स या कंपनीने टाटा एअरक्राफ्ट कंपनीकडून विमानांचे मोडीत निघालेले सामान १०,००,००० रुपयांस घेण्याचे १९४६ साली ठरविले आणि २,५०,००० रुपये भरले. पुढे खरेदीदाराने माघार घेतली. भरलेली रक्कम सौदा पुरा करण्याची हमी असून खरेदीदार चुकल्यास ती जप्त होईल, असे अटींत स्पष्ट होते. न्यायालयाने ती जप्ती कायम ठेवली. तात्पर्य, रकमेस कोणते नाव दिले आणि कागदात काय लिहिले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

इसार ही सौदा पाळण्याची हमी होय. सौदा पुरा झाला तर ती किमतीत जमा होते. घेणाऱ्याने विनाकारण मोडला तर ती देणाऱ्याकडे राहू शकते, मात्र ती वाजवी असली पाहिजे. किमतीपैकी आगाऊ दिलेली रक्कम ही निराळी गोष्ट आहे. ती परत मागता येते. विक्रेत्यास फक्त आपले खरे नुकसान वजा करता येते. दिल्लीतील एका बंगल्याच्या सौद्यासंबंधी १९६३ साली दिलेल्या निकालात न्यायालयाने हाच भेद केला होता. इसाराचे १,००० रुपये विक्रेत्याकडे ठेवण्यास हरकत घेतली गेली नाही, परंतु त्यानंतर दिलेले २४,००० रुपये दंड म्हणून सरसकट जप्त करू दिले नाहीत.

हा हिशेब बागायतदारास लावून पाहावा. विक्रेत्याने तोच टेंपो पुढे २,९०,००० रुपयांस दुसऱ्यास विकला आणि जाहिरात व दलालीस २,००० रुपये लागले, तर त्याचे नुकसान १२,००० रुपयांचे झाले. इसाराचे २५,००० रुपये त्याने ठेवून घेतले तर हे नुकसान त्यातच भरून निघते. वरचे ५०,००० रुपये परत मागण्यास बागायतदारास चांगला आधार आहे. सर्व ७५,००० रुपयांची पावती केवळ “आगाऊ रक्कम” अशी असती, तर १२,००० वजा जाता ६३,००० रुपयांची मागणी करता आली असती. आता, टेंपो ३,०५,००० रुपयांस विकला गेला तर? मग विक्रेत्याचे नुकसानच नाही. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात, नुकसान झालेले नसताना ७८,००,००० रुपयांची जप्ती न्यायालयाने अमान्य केली. तथापि तेथे खरेदीदाराने करार मोडलेला नव्हता. यास्तव केवळ त्या निकालाच्या भरवशावर कोणी सौदा मोडू नये. वाजवी इसार गेला असेच धरून चालावे.

दोष विक्रेत्याचा असेल तर चित्र पालटते. वाहनावर बँकेचा बोजा असून तो लपविला, इंजिन किंवा चॅसीचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळला नाही, अथवा दरम्यान टेंपो दुसऱ्यास विकला, तर खरेदीदारास इसारासुद्धा सर्व रक्कम मागता येते. मात्र वाहन ताब्यात घेऊन वापरावयास लागल्यावर प्रश्न केवळ इसाराचा राहत नाही. ताबा घेण्याची घाई करू नये.

माघार घ्यावयाचीच असेल तर ती त्वरित व लेखी घ्यावी. जितका उशीर होईल तितके विक्रेत्याचे नुकसान वाढते आणि ते खरेदीदाराच्याच माथी बसते. पत्रात दिलेल्या रकमा व तारखा नमूद कराव्या, सौदा का मोडत आहे ते लिहावे, टेंपो दुसऱ्यास विकण्यास आपली हरकत नाही असे कळवावे आणि नुकसानीचा हिशेब मागून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत मागावी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा जपावा. मोबाईलवरील संदेश व पैसे पाठविल्याच्या नोंदी पुसून टाकू नयेत. कर्ज नामंजूर झाल्याचे बँकेचे पत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. त्याने हक्क वाढत नसला तरी सचोटी दिसते, आणि तडजोडीच्या वेळी तिला किंमत असते.

पुष्कळ जण प्रथम पोलीस ठाण्यात जातात. केवळ पैसे परत न देणे हा दिवाणी वाद आहे. प्रारंभापासूनच फसविण्याचा हेतू असेल, उदाहरणार्थ दुसऱ्याचेच वाहन आपले म्हणून दाखविले असेल, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ याच्या कलम ३१८ चा प्रश्न येतो. ग्राहक आयोगाचा मार्गही घरगुती विक्रेत्याविरुद्ध सहसा उपयोगी पडत नाही, कारण तो व्यापारी नसतो. त्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करावी. तेथे न्यायालय शुल्क लागत नाही आणि झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो. तडजोड न झाल्यास दावा विक्रेता राहतो तेथे किंवा सौदा झाला तेथे लावावा लागतो. बागायतदार पालघर जिल्ह्यातील असला तरी त्यास साधारणतः ठाणे जिल्ह्यातील न्यायालयात जावे लागेल. मुदत तीन वर्षांची असते. ती पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजून चालणे सुरक्षित होय.

बागायतदाराच्या पावतीत कर्जाविषयी एक ओळ असती तर हा सारा खटाटोप वाचला असता. “कर्ज मंजूर झाले तरच” ही अट लेखी असली आणि कर्ज मिळाले नाही, तर घेतलेले पैसे परत करणे विक्रेत्यास भाग पडते. कार्यकर्त्यांनी पुढील नमुना गावातील शेतकऱ्यांस उतरवून द्यावा:

“माझ्या मालकीचे वाहन, नोंदणी क्रमांक …, इंजिन क्रमांक …, चॅसी क्रमांक …, एकूण किंमत रुपये … यांस श्री. … राहणार … यांना विकण्याचे ठरवून त्यांजकडून आज दिनांक … रोजी इसारादाखल रुपये … मिळाले. वाहनावर कोणाचाही बोजा नाही. उरलेली रक्कम दिनांक … पर्यंत द्यावयाची आहे. खरेदीदारास … बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास किंवा वाहनाचे कागद सदोष आढळल्यास सर्व रक्कम आठ दिवसांत परत करीन. अन्य कारणाने खरेदीदाराने सौदा मोडल्यास रुपये … एवढेच कापून बाकीची रक्कम परत करीन.”

खाली दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असल्यास एक रुपयाचे महसुली तिकीट लावून विक्रेत्याची सही त्यावरून घ्यावी, आणि पावतीची एक प्रत प्रत्येकाने आपल्याजवळ ठेवावी.