हसू कुठं फुटेल सांगता येत नाही

१. दुःखाच्या नाटकात माणसं कुठं हसतील, याचा आपला अंदाज फार कच्चा असतो. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ आम्ही रहिमतपुरातल्या हौशी मंडळींनी वाचायला घेतलं, तेव्हा ऐकणारे पदराला डोळे पुसतील अशी माझी तयारी होती. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा कर्ता म्हातारा गेलाय, मुंबईचा मुलगा आणि सून सुतकाला आलेत आणि दारात एक ट्रॅक्टर गंजत पडलाय. पहिलं हसू फुटलं ते त्या ट्रॅक्टरला! नंतर ध्यानात आलं, आमच्याकडं ऊस आणि आलं पिकवणाऱ्यांना हप्ते थकलेला ट्रॅक्टर समजावून सांगावा लागत नाही. ते हसले ते ओळखीनं.

२. गरिबीला कुणी हसत नाही, हसतात ते तोऱ्याला. घरात पैसा नाही, पण तेरवी घराण्याला शोभेलशीच व्हायला हवी. खर्च कुणी करायचा यावरून भावाभावांची ओढाताण चालली, की समोरचे एकमेकांना कोपरानं ढोसू लागत. तेरवीच्या जागी लग्न घाला, देशपांड्यांच्या जागी कुणाचंही आडनाव घाला. माझंही चालेल, आमच्या घरच्या एका बारशाचं उधार बराच काळ पुरलं होतं.

३. विनोद ‘करायचा’ नसतो. नाटकातली दादी सारखी वेळ विचारते, बाकी तिचं काही म्हणणं नाही. आमच्यातल्या एकानं ते ठसक्यात, हशा घेण्यासाठी वाचून पाहिलं; सभागृह ढिम्म. मग एका बाईंनी तेच खरोखर किती वाजले हे कळायला हवं असल्यासारखं वाचलं, आणि हसता हसता माणसं थोडी घाबरली.

४. नाटकातली वहिनी रात्री एकटीच घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते, त्या प्रवेशात मी हशा धरून चाललो होतो. सुतकातलं घर आणि अंगभर सोनं, दुसरं काय होणार? बायका अजिबात हसल्या नाहीत. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. घरी विचारलं, तर उत्तराऐवजी नजर मिळाली.

५. ‘आपल्या गावात जन्मलेले कानेटकर सोडून विदर्भातलं कशाला?’ हा प्रश्न येणार होताच. वसंत कानेटकर १९२० साली रहिमतपुरात जन्मले, हे इथं कुणी विसरू देत नाही. पण त्यांचं १९६२चं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ तरी काय आहे? बाप, मुलगा आणि घरातली धुसफूस. जिरेटोप घातलेल्या घराला आपण रडतो, धोतर नेसलेल्या घराला हसतो, एवढाच फरक मला दिसतो. विचारणाऱ्याला तो पटला नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी ‘रायगड’च करा म्हणाला.

६. १९८५ साली विजया मेहतांनी हा वाडा रंगमंचावर आणला. पुढं एलकुंचवारांनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून त्या घराची गोष्ट शेवटापर्यंत नेली. आम्हाला आता दुसरा भाग वाचायचाय. पण पहिल्या वाचनाच्या वेळचंच सांगतो: थोरला भास्कर वाचायला चौघं तयार होते, दिवसभर राबणारा आणि कमी बोलणारा चंदू कुणालाच नको होता. शेवटी ज्याच्या घरी आम्ही जमायचो आणि जो सगळ्यांना चहा करायचा, त्याच्याच गळ्यात तो पडला.