पट्टीचा आकार आधी ठरव

पिंपळनेर (ता. साक्री, जि. धुळे)

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोहोचले. आपल्याकडील कांद्याच्या बाजारातील हिशेबपट्ट्यांचे दप्तर मोंगोडीबीत ठेवावे, आणि आधी क्लास लिहून, म्हणजे कोड-फर्स्ट पद्धतीने, एंटिटी फ्रेमवर्क कोअरच्या मार्फत त्याचा व्यवहार चालवावा, हा तुझा मनोदय वाचून संतोष झाला. परंतु क्लास लिहिले की डेटाबेसचा विचार करण्याचे कारण उरत नाही, असे जे तू सहज लिहून गेलास, त्याविषयी चार शब्द सांगणे मला अगत्याचे वाटते.

1970 साली एडगर कॉड यांनी रिलेशनल रचनेचा सिद्धान्त मांडला, आणि पुढे कोष्टकांतील माहिती व प्रोग्राममधील ऑब्जेक्ट यांची सांगड घालणारे मध्यस्थ निर्माण झाले. 2011 मध्ये, त्यांपैकीच एक असलेल्या एंटिटी फ्रेमवर्कच्या 4.1 आवृत्तीत कोड-फर्स्ट पद्धत आली, तेव्हा क्लासवरून कोष्टके उभी राहत, आणि त्यांत न बसणारी नोंद डेटाबेस स्वतःच नामंजूर करी. 2009 साली अवतरलेल्या मोंगोडीबीचा स्वभाव निराळा आहे: मुद्दाम नियम घातल्याखेरीज तेथे एकाच कलेक्शनात भिन्न आकारांची डॉक्युमेंटे बिनदिक्कत दाखल होतात. मोंगोडीबीस एंटिटी फ्रेमवर्क कोअरशी जोडणारा अधिकृत दुवा, म्हणजे प्रोव्हायडर, 2024 मध्ये सर्वांच्या वापरासाठी खुला झाल्यामुळे लिहिण्याची ओळखीची रीत तुला लाभली खरी, पण जी निगराणी पूर्वी डेटाबेस करी, तिची जबाबदारी आता तुझ्या क्लासवर आली आहे.

म्हणून कोणती माहिती एकत्र वाचली जाते, हा प्रश्न प्रथम विचारीत जा. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम ही शेतकऱ्याच्या हाती एकाच पट्टीवर पडतात; तेव्हा त्या पट्टीतील ओळी 'ओन्ड' प्रकार म्हणून जाहीर कर, म्हणजे त्या मूळ डॉक्युमेंटाच्या पोटातच लिहिल्या जातील; आणि एका डॉक्युमेंटावरील लेखन पूर्ण तरी होते किंवा मुळीच होत नाही, या मोंगोडीबीच्या हमीचा लाभ अख्ख्या पट्टीस मिळेल. शेतकऱ्याचा स्वतंत्र तपशील मात्र निराळा ठेवून पट्टीत त्याचा केवळ क्रमांक दे, जसा सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो आणि त्याची हकिकत गाव नमुना सहामध्ये असते. त्या दिवशीचा भाव मात्र पट्टीतच कायम कर, कारण उद्या भाव बदलला तरी झालेला व्यवहार बदलत नाही. उलट, एका शेतकऱ्याच्या डॉक्युमेंटात वर्षानुवर्षांच्या पट्ट्या साठवीत जाशील, तर ते अमर्याद वाढेल, आणि डॉक्युमेंटास 16 मेगाबाइटची मर्यादा आहे. रकमा दशमान प्रकारातच ठेव. पैशाच्या हिशेबात दशांशाची सूक्ष्म चूकही विश्वासास तडा देते.

दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. क्लास बदलल्यावर डेटाबेसची रचना त्यानुसार बदलण्याची, रिलेशनल डेटाबेसात जिला मायग्रेशन म्हणतात, ती सोय या प्रोव्हायडरात नाही. आज तू क्लासमध्ये एखादी अनिवार्य प्रॉपर्टी वाढवलीस, तर कालची डॉक्युमेंटे तिच्यावाचून तशीच राहतील, आणि ती वाचताना प्रोग्राम अडखळेल. तेव्हा नवी प्रॉपर्टी प्रथम रिक्त राहू शकेल अशी ठेव, जुन्या डॉक्युमेंटांची दुरुस्ती स्वतंत्र फेरीने उरक, आणि मगच ती अनिवार्य कर.

तिसरी गोष्ट क्वेरीची. अटी लावण्यापूर्वीच 'टू-लिस्ट' म्हणशील, तर अख्खे कलेक्शन तुझ्या यंत्रावर उतरेल आणि चाळणी तेथे चालेल. अटी आधी लावशील, तर चाळणी डेटाबेसमध्येच होईल. केवळ अहवालासाठी वाचायचे असेल तेथे बदलांचा मागोवा बंद ठेव. ज्या रकान्यांवर रोज शोध घेतला जातो, उदाहरणार्थ तारीख व शेतकरी क्रमांक, त्यांवर इंडेक्स आहे याची खातरजमा कर. आणि फ्रेमवर्कने प्रत्यक्षात कोणती क्वेरी पाठवली, ती लॉग उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याची सवय लाव.

मध्यस्थाचे साहाय्य अवश्य घे, परंतु दप्तराचे ज्ञान त्याच्यावर सोपवू नकोस. क्लासची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी बाजारात जा, खऱ्या दहा-वीस पट्ट्या समोर मांड, आणि लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास काय लागते ते त्यांनाच विचार. तुझा क्लास त्या उत्तरांवर उभा राहिला, तर तुझ्या पश्चात येणाऱ्या माणसालाही ते दप्तर विनासायास चालवता येईल.



तुझा,
मामा